लकव्यानंतर पाय कडक का होतो, आणि नुसता ओढून तो मोकळा का होत नाही

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

घरात कुणाला तरी स्ट्रोक होतो. आपल्याकडे त्याला लकवा म्हणतात, पक्षाघात म्हणतात, अर्धांगवायूही म्हणतात. काही दिवसांनी माणूस दवाखान्यातून घरी येतो. सुरुवातीला लुळा पडलेला पाय हळूहळू कडक व्हायला लागतो. टाच जमिनीला टेकत नाही, पाऊल आतल्या बाजूला वळतं, चालताना गुडघा वाकत नाही म्हणून अख्खा पाय बाहेरून अर्धगोल फिरवून टाकावा लागतो, आणि उंबरठ्याला चवडा अडकतो. मग घरातला जो कुणी तरुण असतो, ज्याच्या हातात फोन असतो, तो यूट्यूबवर दोन-चार व्हिडिओ बघतो आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं ते पाऊल वर दाबून धरायला लागतो. बहुतेक वेळा तो किंवा ती म्हणजे तुम्हीच.

मी डॉक्टर नाही आणि फिजिओही नाही, सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे इथे वाचलेलं तुमच्या फिजिओला दाखवा, त्यांच्याशी बोला, आणि त्यांनी पेशंट बघून जे सांगितलं असेल ते याच्या वर. पण त्या दहा-दहा मिनिटांबद्दल संशोधन काय सांगतं हे फार कमी घरांपर्यंत पोचतं, म्हणून हा भाग.

'कडक' म्हणजे नेमकं काय?

आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या भानगडी लपलेल्या असतात.

पहिली भानगड मज्जातंतूंची. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो, हे तुम्ही बघितलंय. स्नायूंच्या आत ताण मोजणारे बारीक सेन्सर असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू झटकन ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात, आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारताच त्याच स्नायूला 'आवळ' असा हुकूम सोडतो. एरवी मेंदू वरून या सगळ्यावर हात ठेवून असतो, उगाच उड्या मारू देत नाही. स्ट्रोकमध्ये मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटा तुटल्या की तो हात निघून जातो. माझ्यासारख्यांच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूपचा गेन वाढतो. थोडा ताण आला तरी स्नायू मोठ्ठं उत्तर देतो. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. सिडनीचे न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांनी 1980 मध्ये तिची जी व्याख्या मांडली ती आजही वापरतात, आणि त्या व्याख्येतला सगळ्यात कामाचा शब्द आहे 'वेग'. जितक्या जोरात ताणाल तितका स्नायू जास्त विरोध करणार.

दुसरी भानगड मज्जातंतूंची नाहीच, ती मांसाची आहे. पाय आठवडेच्या आठवडे एकाच स्थितीत राहिला, चवडा खाली आणि टाच वर, की पोटरीचा स्नायू खरोखरच आखूड होतो आणि घट्टही होतो. त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. यात हुकूम कुणीच देत नसतं. दोरीच लहान झालेली असते.

तुमच्या घरात यापैकी काय आहे याचा अंदाज घेता येतो. पेशंटला उताणं झोपवा, गुडघा सरळ. टाच तळहातात धरा आणि पाऊल अगदी सावकाश, मनात पाच अंक मोजत, वर न्या. कुठपर्यंत जातं ते बघा. मग थोडं थांबून तेच जरा लवकर करा, जोर न लावता. सावकाश नेताना बऱ्यापैकी वर गेलं आणि लवकर नेताना मध्येच कुणीतरी ब्रेक मारल्यासारखं अडलं, तर तो रिफ्लेक्स. कितीही सावकाश नेलं तरी त्याच जागी भिंत लागते, तर आखूडपणा. फिजिओ हेच नीट मोजतात, त्याला टार्ड्यू स्केल म्हणतात. बहुतेकांच्या फाइलवर मात्र 'मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ' असं लिहिलेलं दिसेल, 0 ते 4, मध्ये एक 1+ सुद्धा. ते झटपट होतं, पण या दोन भानगडी त्यातून वेगळ्या कळत नाहीत. लवकर नेताना कधीकधी पाऊल थडथड उडायला लागतं, त्याला क्लोनस म्हणतात. घाबरू नका. पाय जमिनीवर ठेवून गुडघ्यावरून टाचेवर वजन द्या, किंवा गुडघा वाकवा, बहुतेक वेळा थांबतं.

मांजरांच्या पोटऱ्या आणि माणसांच्या

आता स्ट्रेचिंग. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण गोष्ट रंजक आहे.

1972 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मांजरांच्या पोटरीचा एक स्नायू प्लास्टर घालून आखूड स्थितीत ठेवला. चार आठवड्यांनी बघितलं तर स्नायूच्या धाग्यात एकापुढे एक जोडलेले जे छोटे डबे असतात, सार्कोमियर, ते 40 टक्के कमी झाले होते. रेल्वेचे डबे काढून गाडी छोटी करावी तसं. 1990 मध्ये उंदरांवर उलटा प्रयोग झाला. पाय प्लास्टरमध्ये, पण रोज अर्धा तास ताण. आणि डबे टिकले! झालं. रोज अर्धा तास स्ट्रेच केला की स्नायू आखडत नाही, हे जगभरच्या फिजिओथेरपीत रुजलं. तर्काला धरूनच होतं ते.

मग माणसांवर नीट चाचण्या झाल्या. एका गटाला नेहमीचे उपचार आणि वर स्ट्रेच, दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार. स्ट्रेच म्हणजे हाताने दिलेला, स्प्लिंट लावून दिलेला, प्लास्टर घालून दिलेला, सगळे प्रकार. 2017 मध्ये कोक्रेन या संस्थेने असे 49 अभ्यास, एकूण 2135 माणसं, एकत्र करून हिशोब मांडला. मेंदू-मज्जारज्जूच्या आजारांत सांध्याच्या हालचालीत पडलेला फरक साधारण 2 अंश. दोन! घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात 6 अंश सरकतो. म्हणजे वीस सेकंदांत तो जेवढा सरकेल तेवढा.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, हे सगळे अभ्यास सात महिन्यांपेक्षा कमी काळाच्या स्ट्रेचचे होते. दोन, दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतच होते, त्यामुळे 'पायाला हातच लावू नका' असं यातून निघत नाही. निघतं ते इतकंच, की वरून ओढण्याची जादा दहा मिनिटं फारसं काही कमवून देत नाहीत. मांजराला स्ट्रोक झालेला नव्हता, आणि माणसाचा दिवस चोवीस तासांचा असतो, त्यातला अर्धा तास ताणून उरलेले साडेतेवीस तास चवडा खालीच लोंबकळत राहिला तर डबे कमीच होणार.

म्हणून माझं मत असं झालंय की आधी त्या साडेतेवीस तासांकडे बघा. पायावर घट्ट खोचलेली जड गोधडी रात्रभर चवडा खाली दाबत असते. ती पायाकडून सैल सोडा. गुडघ्याखाली बरं वाटतं म्हणून कायम उशी ठेवली की गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो; काढा. खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा घट्ट पुठ्ठ्याचं खोकं द्या, टाच पूर्ण टेकली पाहिजे आणि गुडघ्याच्या किंचित मागे असली पाहिजे. यात घरच्यांची शून्य मिनिटं जातात.

आणि तरीही हाताने स्ट्रेच द्यायचाच असेल, उभं करण्याआधी घोटा मोकळा करायला तो उपयोगी पडतोच, तर एक चूक टाळा. बहुतेक व्हिडिओंत चवडा धरून मागे ढकलतात. त्याने घोट्याऐवजी पावलाचा मधला भाग वाकतो, आणि आपल्याला वाटतं पाऊल वर आलं. टाच तळहातात घट्ट धरा, हाताचा पुढचा भाग तळव्याला लावा, आणि टाच खाली आपल्याकडे ओढत सगळं पाऊल एकसंध वर न्या. सावकाश. वेगाची गोष्ट आठवतेय ना? गुडघा सरळ ठेवून एकदा आणि थोडा वाकवून एकदा, कारण पोटरीतला एक स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि दुसरा खालून.

कडकपणापेक्षा मोठा शत्रू

माणूस चालू शकत नाही तो पाय कडक आहे म्हणून, असं आपल्याला दिसतं. कारण कडकपणा दिसतो, हाताला लागतो. अशक्तपणा दिसत नाही. पण स्ट्रोकनंतर चालणं-उठणं अडतं त्यात ताकद जाण्याचा वाटा फार मोठा असतो. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूत दमच नसेल तर पोटरी कितीही मऊ केली तरी चवडा उंबरठ्याला अडकणारच.

मग ताकदीचे व्यायाम का देत नाहीत? याला इतिहास आहे. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर एक उपचारपद्धती उभी केली. स्ट्रोकच्या पेशंटकडे 'आता हा हात गेला' म्हणून दुर्लक्ष करायचं नाही, ही त्यांची मोठी देणगी. पण त्यातच एक भीतीही आली, की पेशंटने जोर लावला तर कडकपणा वाढेल. कित्येक पिढ्या फिजिओ ती शिकले. आजही 'जोर नका लावू हं काका' असं ऐकू येतं. 2006 मध्ये सिडनीच्या लुईस अडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. ताकदीच्या व्यायामाने ताकद वाढते, कामं थोडी सुधारतात, आणि स्पॅस्टिसिटी वाढत नाही. जोर लावताना त्या क्षणी पाय ताठ होतो, हात आक्रसतो, ते खरं. पण ते त्या क्षणापुरतं.

म्हणून घरात रोजचे वीस मिनिटंच असतील, आणि बहुतेक घरांत तेवढेच असतात, तर ते ओढण्यावर घालवू नका. पेशंटला उठवा.

उठ-बस

डॉक्टर-फिजिओंनी उभं राहायला परवानगी दिलीय, बीपी आटोक्यात आहे, हे धरून बोलतोय.

खुर्ची लाकडी, जड, भिंतीला टेकलेली. ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची नको, ती मागे सरकते आणि माणूस खाली बसतो. सुरुवातीला बैठक उंच करा, घडी घातलेल्या दोन गोधड्या ठेवून. उंचावरून उठणं सोपं. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या मागे, आणि लकव्याचा पाय चांगल्या पायापेक्षा चार बोटं आणखी मागे. ही चार बोटं सगळ्यात महत्त्वाची. चांगला पाय मागे असला की शरीर चलाखी करतं, सगळं वजन त्याच्यावर टाकून उठतं, आणि लकव्याचा पाय आयता राहतो. मग पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत, आणि उठा. बसताना धपकन नाही. बसणं हाच निम्मा व्यायाम आहे.

तुम्ही उभे राहा लकव्याच्या बाजूला, आणि धरा कमरेला. कमरेचा पट्टा असेल तर उत्तम, जुनी ओढणी घट्ट बांधली तरी चालते. हाताला धरून ओढू नका. लकव्याच्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, त्या एका ओढण्याने महिनोन्‌महिने दुखतो.

पाच वेळा जमलं तर पाच, विश्रांती, पुन्हा पाच. काही दिवसांनी एक गोधडी काढा. हीच प्रगती. दमायला झालं पाहिजे; अजिबात दम न लागणारा व्यायाम ताकद वाढवत नाही, तुमच्या जिममध्येही नाही आणि इथेही नाही.

आता यातली गंमत बघा. टाच जमिनीवर टेकवून पुढे वाकून उठताना आणि नंतर उभं राहताना पोटरीवर शरीराच्या वजनाचा ताण येतो. तोही सावकाश. तुमच्या हाताच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे स्ट्रेच यात फुकट मिळतो.

नुसतं उभं राहणंही धरा. स्वयंपाकाचा ओटा यासाठी झकास, उंची बरोबर असते आणि तो सरकत नाही. गॅस बंद असताना ओट्याला धरून उभं राहायचं, दोन्ही टाचा टेकलेल्या, वजन हळूहळू लकव्याच्या पायावर न्यायचं. जरा जमलं की चांगला पाय समोरच्या पाटावर ठेवायचा. चांगलाच पाय! तो उचलला की लकव्याच्या पायाला काम करावंच लागतं. पाटाखाली रबरी मॅट टाका, नाहीतर पाट घसरेल. उभं राहिल्यावर गुडघा मागच्या बाजूला वाकताना दिसला तर समजा की पोटरी टाच खाली टेकू देत नाहीये आणि गुडघा त्याची भरपाई करतोय. अशा वेळी रेटू नका, फिजिओला दाखवा. टाचेखाली छोटी उंची किंवा एएफओ नावाचा स्प्लिंट लागेल.

आणि मग चालणं. उंबरठ्याला चवडा अडकत असेल तर एएफओ घालून चाला. 'सवय लागेल' म्हणून तो कपाटात ठेवण्यापेक्षा तो घालून रोज चार फेऱ्या जास्त झालेल्या बऱ्या.

भारतातलीच एक चाचणी

हे सगळं घरच्यांना शिकवून सोडलं की काम झालं, असं वाटू शकतं. आपल्याच देशात हे तपासलं गेलंय. अटेंड नावाची चाचणी, 14 दवाखाने, 1250 पेशंट, 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. घरातल्या एका माणसाला व्यायाम-उपचार शिकवले आणि घरी गेल्यावरही दोन महिन्यांपर्यंत ते चालू ठेवायला सांगितलं. सहा महिन्यांनी बघितलं. मृत्यू किंवा परावलंबन: शिकवलेल्या गटात 47 टक्के, नेहमीच्या गटातही 47 टक्के.

वाचून वाईट वाटतं. मी याचा अर्थ असा लावतो: घरच्यांचं प्रेम फिजिओची जागा घेऊ शकत नाही. दर पंधरा दिवसांनी, निदान महिन्याने, कुणीतरी जाणत्याने बघून व्यायाम अवघड करत नेला पाहिजे. पैसे मोजके असतील तर रोज येऊन पाय ओढून जाणाऱ्या माणसापेक्षा महिन्यातून दोनदा येऊन पुढचा टप्पा ठरवून देणारा फिजिओ निवडा. रोजचं ते तुम्ही करा.

पटापट काही प्रश्न

*तेल मालिश?* बरं वाटतं, त्वचेची देखभाल होते, बाबांशी अर्धा तास गप्पा होतात. करा. स्नायू लांब होत नाही. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या: एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली, तर मालिश नाही, स्ट्रेच नाही, त्याच दिवशी दवाखाना. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. शेकण्याची पिशवीही जपून, संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही.

*गेला आठवडा बरा होता, आता पाय एकदम जास्त ताठ झालाय.* आधी पाय सोडून बाकी सगळं तपासा. लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, पाठीवर जखम, आत रुतलेलं नख, घट्ट बूट. शरीरात कुठेही खुपलं की मज्जारज्जू पायातून बोलतो. मूळ दुखणं गेलं की ताठपणा बऱ्याचदा उतरतो.

*गोळ्या की बोटॉक्स?* बॅक्लोफेनसारख्या गोळ्या सगळ्या शरीरावर काम करतात, त्यामुळे झोप येते, अशक्तपणा येतो. आणि मनाने अचानक बंद करायच्या नाहीत, ते धोक्याचं आहे. बोटॉक्सचं इंजेक्शन नेमक्या स्नायूत देतात, परिणाम साधारण तीन महिने. महाग आहे. ते घेऊन घरी झोपून राहायचं असेल तर घेऊ नका. त्या तीन महिन्यांतच उठ-बस आणि चालणं वाढवायचं असतं. आणि डॉक्टरांना हेही विचारा की हा ताठपणा काढावा का. काही जण त्या ताठ गुडघ्याच्या खांबावरच उभे असतात. खांब मऊ झाला तर माणूस कोसळेल.

*स्ट्रोक होऊन दोन वर्षं झाली, आता काही उपयोग?* पूर्ण आखडून बसलेला घोटा व्यायामाने सुटेलच असं नाही, कधीकधी शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं. ताकद मात्र दोन वर्षांनंतरही वाढते. पहिल्या दिवशी किती वेळा उठणं जमलं ते फोनमध्ये लिहून ठेवा, आणि महिन्याने पुन्हा मोजा.

पुढच्या भागात हात आणि खांदा. तोवर तुमच्या घरातल्या खुर्चीची उंची मोजून व्हॉइस नोट पाठवा, बैठक कशी वाढवायची ते त्या भागात सुरुवातीलाच बोलू.